साळवे आणि अमेरिकेला गेलेला भोपळा

“शेवटच्या दिवशी साळवेसाहेबांनी मोठ्या मनाने मान्य केले की, भोपळा आपणहून समुद्रातून वाहत अमेरिकेला गेला, आणि दोन मित्रांमधला बारा वर्षांचा वाद गोडीने मिटला.”

हे वाक्य आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस श्री. खडके यांनी प्रल्हाद साळवे याच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, हातात माइक धरून, उच्चारले. ते तेवढ्यावर थांबले असते तर मी गप्प राहिलो असतो. पंगत बसायची होती आणि साळवेच्या घरचे लोक थकलेले होते. परंतु आता मंडळ बागेत साळवेच्या नावाने दगडी बाक बसवीत आहे, आणि हेच वाक्य जरा आखूड करून त्या बाकाच्या पाठीवर कोरले जाणार आहे. कागदावरच्या चुकीला निदान वाळवी लागण्याची आशा असते. ग्रॅनाइटवर साळवे कायमचा हरलेला राहील, आणि लोक त्या पराभवाला पाठ टेकून शेंगदाणे खातील. हे मी होऊ देणार नाही.

बाकावरच्या मजकुराच्या मसुद्यात आणखी एक चूक आहे, ती आधी काढून टाकतो. खडक्यांनी नावापुढे ‘कै.’ घातले आहे. साळवेचे घराणे बौद्ध. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली होती. त्यांच्यात ‘कालकथित’ म्हणतात. ज्याला कैलासाला जायचेच नव्हते त्याला तिथे पोचवून ठेवणारा माणूस भोपळ्याविषयी काय सांगतो, ते त्याच मापाने मोजावे.

ज्यांनी साळवेला पाहिलेले नाही त्यांच्यासाठी वाद काय होता ते सांगतो. दुधी भोपळा मूळचा आफ्रिकेतला. तरीही कोलंबसाने जहाज हाकारण्याच्या हजारो वर्षे आधीपासून तो अमेरिकेत होता. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. मग तो पलीकडे पोचला कसा? माझे म्हणणे असे की, वाळलेला भोपळा पोकळ आणि हलका असतो. तो कधीतरी समुद्रात पडला, प्रवाहाला लागला, आणि पोटातले बी जिवंत ठेवून पैलतीराला लागला. साळवेचे म्हणणे, तो कोणीतरी माणसाने नेला. एवढाच वाद. त्यात जमीनजुमला नव्हता, राजकारण नव्हते, म्हणूनच तो टिकला.

साळवेची आणि माझी पहिली भेट भाजीच्या हातगाडीपाशी झाली. क्रांती चौकाकडून आमच्या कॉलनीत वळताना ती गाडी उभी असते. तिथे एक उंच, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ दुधी भोपळा कानाला लावून उभा होता. बोटाच्या पेराने तो भोपळ्यावर टकटक करी, डोळे मिटून ऐके, खाली ठेवी आणि दुसरा उचली. मला राहवले नाही. मी विचारले, “आत कोणी आहे का?”

भोपळा कानावरून न काढता तो म्हणाला, “हाये. पण भायेर यायला तयार नाय.”

आम्ही बरोबरच परतलो. वाटेत त्याने पिशवीतला भोपळा मला दाखवला. “हा गडी कोलंबसाच्या लई आधी अमेरिकेत गेला, ठाऊक हाये का?” मी सहज, बोलायचे म्हणून, म्हणालो, “वाहत गेला असेल.” त्याने पिशवी रस्त्याच्या मधोमध खाली ठेवली. मागून येणारी रिक्षा कर्कश ब्रेक दाबून थांबली. साळवे माझ्याकडे वळून म्हणाला, “कामून वाहत?”

त्या ‘कामून’पासून पुढची बारा वर्षे सुरू झाली.

साळवेने उभी हयात सरकारी नोकरीत कालवे बांधण्यात घालवली होती. पाण्याचा अभियंता म्हटल्यावर पाण्याचा पक्ष घेईल अशी कोणाचीही समजूत व्हावी. पण साळवेचा पाण्यावर काडीचा विश्वास नव्हता. “पाणी मी बघितलंय, शेळक्या,” तो मला म्हणे. “ढाळ काढून दिला, भिंती बांधून दिल्या, दारं बसवून दिली, तरी शेवटच्या शेतात जात नाय ते. अन् तू म्हणतो, उघड्या समुद्रात, कोणी सांगितलं नसताना, त्यानं भोपळा नीट पोचता केला!” शहरातल्या नळाचा दाखला तर त्याच्या ओठांवरच असे. “धरणातलं पाणी माझ्या टाकीत यायला आठवडा घेतं, तेबी नळीतून. अन् आफ्रिका कुठं, ब्राझील कुठं!”

माझी नोकरी एका मालवाहतूक कंपनीच्या दाव्यांच्या विभागात झाली. फुटलेल्या, हरवलेल्या, भलत्याच गावी उतरलेल्या मालाबद्दल व्यापारी ज्या तक्रारी करीत, त्या खोडून काढणे हे माझे काम. माणसाच्या हाती सोपवलेली वस्तू ठरल्या ठिकाणी धड पोचते, यावरचा माझा विश्वास नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी उडाला. काचेच्या बरण्या पाठवणारे लोक जसे पाहिले, तसे त्या उचलणारेही पाहिले. मी समोरच्याचा दावा कधी मान्य केला नाही. ‘शेळके हरला’ हे वाक्य त्या कचेरीत कोणी कधी बोलू शकले नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या शालीपेक्षा मी ती गोष्ट अधिक जपली आहे.

म्हणजे पाण्याच्या माणसाचा पाण्यावर विश्वास नव्हता आणि वाहतुकीच्या माणसाचा वाहतुकीवर. खडक्यांना यात विनोद दिसे. आम्हां दोघांना त्यात अनुभव दिसे.

बागेत बाकावर बसला की साळवे काठीने समोरच्या मातीत नकाशा काढी. उजवीकडे आफ्रिका, डावीकडे अमेरिका, मध्ये समुद्र. बारा वर्षांत त्याने काढलेला एकही महासागर मला मान्य झाला नाही, कारण साळवे तो दररोज थोडा रुंद करी. पावसाळ्याच्या सुरुवातीला ब्राझील बाकापासून हातभर अंतरावर असे. दिवाळीपर्यंत ते गुलाबाच्या वाफ्यात जाऊन पोचे. मी हरकत घेतली की तो शांतपणे म्हणे, “भरती हाये.” बाग झाडणाऱ्या बाई हे सगळे रोज साफ करीत. एकदा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “साहेब, कालचा समुद्र आत्ताच झाडला, पुन्यांदा सांडला का?” त्यावर साळवे उठून उभा राहिला, त्यांना हात जोडले आणि म्हणाला, “बाई, तुम्ही झाडू नका म्हणलं तरी झाडणार. पण आफ्रिकेकडून झाडा. अमेरिकेकडून झाडलं का माझा मुद्दा मोडतो.”

फाटकावरचे चहावाले अय्युबभाई ग्लास पुढे करताना न चुकता विचारीत, “क्या साब, भोपला पोंचा क्या अमरीका?”

“पोंच तो गया,” साळवे म्हणे, “कौन ले गया, उसपे झगडा है.”

“तो उसकूच पूछ लेव ना!”

यावर साळवे गंभीर होई. “अय्युबभाई, भोपळ्याला बोलता आलं असतं, तर हा शेळक्या त्याच्याशीबी भांडला असता.”

त्याचा सर्वांत मोठा पुरावा त्याच्या स्वतःच्या पाठीवरचा होता. साळवेचे गाव देवगाव रंगारीच्या पुढे. तिकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळलेले कडू भोपळे बांधत. हाच तो दुधी. फक्त खाण्याचा नव्हे, तरंगण्याचा. साळवेलाही त्याच्या मामाने असेच भोपळे बांधून विहिरीत ढकलले होते. ती हकिकत तो उभा राहून, हात पसरून सांगे. “भोपळ्यानं मला बुडू दिलं नाय, हे मान्य. पण त्यानं मला पायरीकडंबी नेलं नाय. मधी जाऊन गोल गोल फिरवायला लागला. मी बोंबलू राहिलो, मामा वर बसून बिडी ओढू राहिला. शेवटी त्यानंच उतरून मला ओढला. शेळक्या, भोपळ्याला तरंगता येतं. जाता येत नाय. न्यावं लागतं.”

“तुझ्या विहिरीत प्रवाह नव्हता,” मी म्हणे.

“अन् तुझ्या समुद्रात मामा नव्हता व्हय?”

या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर सापडलेले नाही. उत्तर नाही म्हणजे मुद्दा खरा, असे मात्र मी मानत नाही.

एका उन्हाळ्यात आम्ही प्रयोग करायचे ठरवले. साळवेच्या पुतण्याचे गावाकडे शेततळे आहे. प्लास्टिकचा काळा कागद अंथरलेले, चौकोनी, पोहायला उतरू नये इतके निसरडे. आम्ही एस. टी.ने गेलो, साळवेच्या मांडीवर वाळलेला भोपळा होता आणि वाहकाने त्याचे तिकीट काढायचे का म्हणून विचारले. साळवे म्हणाला, “याचा प्रवासच तर वादात हाये.” भोपळा आम्ही पूर्वेच्या काठावरून, म्हणजे आफ्रिकेतून, पाण्यात सोडला आणि बाभळीखाली बसलो. तो तासभर हलला नाही. साळवेला भलताच आनंद झाला. मग दुपारचे वारे सुटले आणि भोपळा डुलत डुलत निघाला. आता मी उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी कोणत्याही शर्यतीला टाळ्या वाजवलेल्या नाहीत. त्या भोपळ्याला वाजवल्या. तो पश्चिमेच्या काठाला लागला.

“पोचला!” मी ओरडलो.

“टेकला,” साळवे म्हणाला. “पोचणं येगळं. उतरला का? काठावर चढला का? आता तिथंच सडणार.”

आम्ही या दोन शब्दांवर भांडत असताना पलीकडच्या बांधावरून एक बाई आली. तिने भोपळा पाहिला, वाकून उचलला, लुगड्याच्या पदराने पुसला, वाजवून पाहिला आणि काखेत मारून चालू लागली. आम्ही दोघे म्हातारे तळ्याला वळसा घालून तिच्यामागे पळालो.

“बाई, तो आमचा भोपळा!” मी म्हणालो.

“तुमचा असता तर पाण्यात कामून टाकला असता?” ती म्हणाली. “मला बियाणं ठेवायला पायजेल होता.” आणि ती गेली.

परतीच्या एस. टी.त आम्ही दोघेही जिंकलो होतो. भोपळा पाण्याने आपणहून पार नेला, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. आणि तो जमिनीवर माणसाने नेला, हे साळवेने. दौलताबादचा किल्ला दिसेपर्यंत आम्ही एकमेकांचे अभिनंदन नाकारत बसलो.

खडक्यांनी ही हकिकत ऐकली आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे तडजोड सुचवली: “मग अर्धा वाहत गेला, अर्धा माणसाने नेला, असं म्हणू या की!” खडके पूर्वी बँकेत होते, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की त्यांना झोप लागते. साळवेने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू त्यांनी भोपळाच अर्धा चिरला. “खडके,” तो म्हणाला, “तुम्हाला वाद मिटवायचा हाये. आम्हाला तो चालवायचा हाये. तुम्ही तिकडं लाफ्टर क्लबात बसा.” पुढचा महिनाभर आम्ही दोघांनी खडक्यांशी बोलणे टाकले. त्या महिन्यात साळवेचे आणि माझे जितके एकमत होते, तितके पुन्हा कधी झाले नाही.

शास्त्रज्ञांचे काय, असे वाचक विचारतील. शास्त्रज्ञांनी आधी भोपळा माणसांबरोबर आशियाच्या बाजूने गेला असा निर्वाळा दिला होता. पुढे इतरांनी जनुके तपासून तो आफ्रिकेतून समुद्रमार्गे वाहत गेला असे म्हटले. ती बातमी मी कात्रण करून साळवेच्या हातात ठेवली तेव्हा त्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी घातली आणि परत दिली. “खालच्या कोर्टात मी जिंकलो, वरच्या कोर्टात तू. अजून लई वरचं कोर्ट बाकी हाये.” एवढे बोलून तो काठीने ब्राझील आणखी वीतभर मागे ढकलू लागला. जगातले सगळे विद्वान विरुद्ध गेले तरी साळवे हलत नसे. असा माणूस खडक्यांच्या साक्षीने हलला, असे आता दगडावर लिहिणार.

मला या ठिकाणी कोणी विचारील, आणि खडक्यांनी विचारलेच आहे, की तुमचाच पक्ष खरा ठरतोय, तर तुम्ही कशाला भांडता? बाकावर ‘वाहत गेला’ असे कोरले तर विजय तुमचाच ना? याचे उत्तर असे की, जिवंत साळवेकडून मिळाला नाही तो विजय मेलेल्या साळवेच्या पाठीवर कोरून घेणे मला कमीपणाचे वाटते. शिवाय तो विजय खोटा आहे, आणि खोट्या दाव्यावर मी आजवर सही केलेली नाही.

आता त्या शेवटच्या दिवसाकडे येतो. साळवेची छाती पावसाळ्यात बिघडली आणि त्याला दवाखान्यात ठेवले. मी रोज दुपारी जात असे. पहिले काही दिवस तो मास्क खाली ओढून एखादे वाक्य फेकी, मी परतवी, परिचारिका आम्हां दोघांना रागवे. मग ते थांबले. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. मी प्रवाहाचा मुद्दा काढला, त्याने ऐकला नाही. मी मुद्दाम त्याच्या मामाची टिंगल केली, तरी पापणी हलली नाही. त्या दुपारी साळवेच्या पत्नी, सुमनवहिनी, मला दाराबाहेर घेऊन गेल्या. त्या शिक्षिका होत्या. बारा वर्षांत त्या कधी आवाज चढवून बोलल्याचे मला आठवत नाही.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “दोन दिवस झाले, जेवण नाही. ते चालेल एक वेळ, डॉक्टर बघतील. पण भांडत पण नाहीत हो. काल मी म्हटलं, सरकारनं कालवे चांगले बांधले, तर म्हणाले, ‘असतील.’ मला फार भीती वाटायलीय.”

मी आत गेलो. वहिनी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पुढे थोड्या वेळाने खडके शहाळे घेऊन आले, आणि येथून त्यांची साक्ष सुरू होते. त्यांच्या सांगण्यानुसार, पडद्याबाहेरूनच त्यांना साळवेचा आवाज ऐकू आला: “वाहत गेला! आपला आपण वाहत गेला!” मंडळातले काहीजण म्हणतात की खडक्यांना कमी ऐकू येते. मी तो आक्षेप घेत नाही. खडक्यांनी बरोबर ऐकले. साळवे नेमके हेच शब्द बोलला, तीनदा बोलला, आणि शेजारच्या खाटेवरचा रोगीसुद्धा ते ऐकून उठून बसला.

परंतु पडदा सारून खडके आत आले तेव्हा त्यांनी जे पाहिले, ते त्यांनी माइकवर का सांगितले नाही? त्यांनी पाहिले की साळवे उशीला टेकून ताठ बसला आहे, मास्क हनुवटीखाली ओढलेला आहे, डोळे पेटलेले आहेत, आणि एक बोट माझ्या छातीवर रोखलेले आहे. त्यांनी पाहिले की मी खुर्चीच्या टोकावर बसून, घामाघूम होऊन, भोपळा माणसाने कसा नेला असेल ते सांगतो आहे, आणि मला ते नीट सांगता येत नाही. त्यांनी हेही ऐकले की साळवे माझ्यावर खेकसला, “अरे, काय कच्चं बोलू राहिला! किनाऱ्याच्या खाऱ्या वाळूत त्याचा वेल धरत नाय, हे टाक की माझ्यावर! मग बघ मी कसा खोडतो!” मी ते टाकले. त्याने ते खोडले. स्वतःचा मुद्दा त्याने इतक्या निर्दयपणे खोडलेला मी प्रथमच पाहिला. मग त्याने वहिनींकडे दहीभात मागितला, चार घास खाल्ले, आणि पाचवा हातात धरून मला म्हणाला, “उद्या तयारी करून ये, शेळक्या. आज लई ढिला बोलला तू.”

उद्या आला नाही. पहाटे वहिनींचा फोन आला.

खडक्यांनी याला समेट म्हटले. बोट रोखून केलेला समेट मी तरी कुठे पाहिला नाही. पण मंडळाच्या बैठकीत मला असे ऐकवण्यात आले की, शब्द ते शब्द. ‘वाहत गेला’ म्हणजे मान्यता. आणि मी त्या वेळी उलट बाजूने का बोलत होतो, याचा खुलासा मी कोणालाच केलेला नाही. हे खरे आहे. केलेला नाही. त्याने आयुष्यभराची बाजू का सोडली आणि ती माझ्या हाती का आली, हे सुमनवहिनींखेरीज कोणाला ठाऊक नाही, आणि त्या स्वतःहून सांगणाऱ्यांतल्या नाहीत. मीही सांगणार नव्हतो. परंतु पाथरवटाचे छिन्नी-हातोड्याचे काम सोमवारी सुरू होत आहे, तेव्हा पुराव्यादाखल, कोणाची सहानुभूती न मागता, ती गोष्ट येथे नमूद करतो आणि हे प्रकरण बंद करतो: खडके शहाळे घेऊन येण्यापूर्वी मी त्याच्या उशाशी वाकून म्हणालो होतो, “साळव्या, मी हरलो. भोपळा माणसानंच नेला.”